थिओडुलच्या उशाची झडप

माझा नवरा थिओडुल रूपेन दोनदा मेला. पहिल्या वेळी चूक माझी होती. दुसऱ्या वेळी ती करायची नाही असं मी ठरवलं, आणि तेव्हापासून सगळं रीडमाट गाव माझ्याशी भांडतंय. म्हणून एकदाचं सांगून टाकते. नाहीतर माझ्याकडे उतरायला येणाऱ्या पाहुण्यांना क्रेसेन्सच्या तोंडून तिखटमीठ लावलेलं ऐकावं लागतं. क्रेसेन्स माझी शेजारीण. तिचं दार माझ्या दारापासून चौदा पावलांवर आहे आणि तिचे कान त्याहून जवळ.

थिओडुल मुळात भयंकर तापट माणूस. पत्ते खेळताना हुकमाचं पान असं आपटायचा की टेबलावरची वाइन सांडायची. शेळ्यांना शिव्या, धुक्याला शिव्या, चर्चच्या घंटेला शिव्या, त्या सगळ्यांना देऊन उरल्या की मला. लग्नाच्या पहिल्या नऊ वर्षांत त्याच्या तोंडून आभाराचा शब्द मी एकदाही ऐकला नाही. राईच्या भाकरीचा तुकडा घशात अडकला तरी दोष भाकरीचा आणि ती भाजणारीचा. पण तो बूट आपटत आत आला की घर भरायचं. मला मूलबाळ झालं नाही, पण घर रिकामं आहे असं त्या नऊ वर्षांत कधी वाटलं नाही.

दहाव्या वर्षी फेब्रुवारीत तो वरच्या गोठ्यात गवत टाकायला गेला आणि डोंगरावरून बर्फ सुटला. सकाळी गेलेला माणूस दुपारी तीनला खणून काढला. गवताच्या घसरगाडीवर घालून त्याला घरी आणलं तेव्हा तो लाकडासारखा ताठ होता. दगडी भट्टीशेजारी आमचा पलंग आहे, त्यावर ठेवला. फादर आले, त्यांनी कपाळाला तेल लावलं. क्रेसेन्सनं त्याच्या नाकाशी आरसा धरला. आरसा स्वच्छ राहिला.

आमच्या जुन्या घरांना पलंगाच्या उशाशी, भिंतीत वर, तळहाताएवढं भोक असतं. त्यावर एक सरकती फळी. तिला आम्ही जिवाची झडप म्हणतो. घरात कुणी मेलं की ती उघडायची, म्हणजे जीव छताला डोकं आपटत बसत नाही. शवपेटी उंबऱ्याबाहेर गेली की बंद करायची, म्हणजे गेलेला परत येत नाही. एरवी त्या फळीला कुणी बोटसुद्धा लावत नाही.

"लुडविना, झडप उघड," क्रेसेन्स म्हणाली. "बिचाऱ्याला किती वेळ ताटकळत ठेवतेस?"

मी स्टुलावर चढले. फळी फुगली होती. बुटाची टाच मारमारून सरकवली. बाहेर हाडं फुटतील अशी थंडी होती. त्या भोकातून गार वारा आत यायला हवा होता. त्याऐवजी माझ्या कानाजवळून काहीतरी गरम बाहेर गेलं. मला दिसलं काहीच नाही, उगाच खोटं कशाला सांगू. पण कान चांगला शेकल्यासारखा झाला होता.

मग आम्ही दोघी कोमट पाण्यानं त्याला पुसू लागलो. उजवा पाय झाला. डावा पाय पुसताना त्याचा अंगठा हलला. क्रेसेन्सच्या हातातून घमेलं पडलं. फादर गुडघ्यावर बसले ते प्रार्थनेसाठी की पाय गेले म्हणून, हे त्यांनाच माहीत. थिओडुलनं डोळे उघडले, सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, आणि क्रेसेन्सला म्हणाला, "आभारी आहे."

सगळे रडले, हसले, एकमेकांच्या गळ्यात पडले. मी तेवढी स्टुलाला धरून उभी होते. हा माझा नवरा नाही, हे मला त्या एका शब्दानं कळलं होतं.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर क्रेसेन्सनं विषय काढला. "आता त्या झडपेचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"उघडली आहेस ना? मग जे जायचं ते गेलं असणार. आता लावलीस तर ते बाहेर अडकेल. आणि नाही लावलीस तर..." तिलाही पुढचं ठाऊक नव्हतं. मेलेल्यासाठी काय करायचं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. न मेलेल्यासाठी झडप उघडण्याचा घोळ आजवर कुणी घातलाच नव्हता.

फादर म्हणाले, "या अडाणीपणाच्या गोष्टी आहेत. लावून टाक ती, भट्टीची ऊब वाया जातेय." असं म्हणत त्यांनी त्या भोकाकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली. मी झडप उघडीच ठेवली. एकोणीस वर्षं उघडी ठेवली. हिवाळ्यात उशीवर बर्फाची भुकटी पडायची, ती मी रोज सकाळी झाडायची.

आता हा जो परत उठला त्याच्याविषयी सांगते. याला वाईट म्हणता येणार नाही, हीच तर अडचण होती. हा ताटात पडेल ते खायचा. गवत वेळेवर कापायचा, दूध वेळेवर काढायचा, आवाज कधी चढवायचा नाही. पत्ते खेळायला बसला तर हरून उठायचा आणि जिंकणाऱ्याचं अभिनंदन करायचा. दोनच वर्षांत त्याला खेळायला बोलावणं बंद झालं, कारण त्याच्या समोर बसायला कुणाला बरं वाटेना. शेळ्या त्याला धडक मारत नसत. आमचा कुत्रा बारी त्याच्याकडे पाहायचाच नाही. तो पलंगावर चढून बसायचा आणि झडपेकडे बघत शेपूट हलवायचा.

अंग गरम होतं, श्वास चालत होता, नाव विचारलं तर बरोबर सांगायचा. मला म्हणायचा, "लुडविना, सूप छान झालंय." मी चुलीकडे तोंड करून रडायची. बाया म्हणायच्या, एवढा गुणी नवरा मिळाला तर आम्ही रोज मेणबत्ती लावू. मी म्हणायची, घेऊन जा. एकीनंही नेला नाही.

पोस्टाची पिवळी बस वरपर्यंत येऊ लागली तशी आम्ही माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलो. शहरातल्या माणसांना आमच्याकडचं काय बघायचं असतं ते ठरलेलं. चर्चखालचं तळघर, जिथे जुन्या कबरींतल्या कवट्या भिंतीला रचून ठेवल्यात. घळीवरचा झुलता लाकडी पूल. आणि पुलापलीकडे तासभर चढून गेलं की हिमनदीच्या काठावरचं छोटं चॅपल. थिओडुल त्यांना फिरवून आणायचा. हळू चालायचा, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, तळघरात कुणी घाबरलं तर टोपी काढून म्हणायचा, "घाबरू नका, सगळे ओळखीचेच आहेत." पाहुणे घरी गेल्यावर पत्रं पाठवायचे, तुमच्या पतीसारखा मृदू माणूस आम्ही पाहिला नाही. ती पत्रं मी भट्टीत घालायची.

मोजण्याची गोष्ट मला एका पाहुणीकडूनच कळली. हसत हसत म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना आकडे येत नाहीत वाटतं. आम्ही सहा जण होतो, ते मधेच सात म्हणायचे."

मग मी परतलेल्या प्रत्येक पाहुण्याला खोदून विचारू लागले. निघताना तो अंगणात माणसं मोजायचा, ती बरोबर निघायची. तळघरात बरोबर, जाताना पुलावर बरोबर. चॅपलहून उतरताना मात्र एक वाढायचा. कुरणाचं फाटक शेवटचा माणूस गेल्यावरही तो क्षणभर धरून ठेवायचा. पूल ओलांडून गावाकडच्या बाजूला आलं की मागे वळून उभा राहायचा आणि म्हणायचा, "थांबा, एक जण यायचाय." वाट बघायचा. मग स्वतःशीच मान हलवून निघायचा. पाहुण्यांना वाटायचं, गावाकडची गंमत आहे.

एकदा जेवताना मी धीर करून विचारलं, "कोण यायचा असतो रे?"

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "पुलापर्यंत असतो. पूल ओलांडत नाही."

"का?"

त्यानं चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं, विचार केला. "बोलावलं नाही ना कुणी. तो फार मानी आहे असं वाटतं."

मानी कोण होता ते मला ठाऊक होतं. म्हणजे झडपेबाहेर पडून माझा थिओडुल हिमनदीकडे गेला होता, जिथे आमच्याकडचे सगळे मेलेले जातात, आणि कुणी बोलावेल म्हणून पुलाच्या त्या टोकाला येऊन उभा होता. तरीही मी गेले नाही. पुढची सहा वर्षं गेले नाही. मला भीती वाटत होती, हे कबूल करते. इतकी वर्षं बर्फात काढलेलं जे काही असेल ते अजून माझा नवराच असेल, याची खात्री कोण देणार? आणि घरात आधीच एक जण टेबलाशी बसून सूप छान झालंय म्हणत होता, त्याचं मग काय होणार?

एकोणिसाव्या वर्षी ऑक्टोबरात मोसमातले शेवटचे पाहुणे आले. बाझेलचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. मास्तर गणिताचे. भाजी किती ग्रॅम आहे हेही त्यांना बघून कळायचं. बाईंचा गुडघा दुखत होता, त्यांना आधार द्यायला म्हणून त्या दिवशी मीही बरोबर निघाले. तोवर मी कधी त्यांच्याबरोबर गेलेच नव्हते, शेळ्यांचं कारण सांगायची.

चॅपलमध्ये पोचलो तेव्हा उजेड होता. उतरताना हिमनदीवरून धुकं आलं आणि दुपारी चारलाच पुढचा माणूस दिसेना. थिओडुल पुढे, मग मास्तर, मग बाई आणि मी. माझ्या मागे कुणी नव्हतं. तरी पायवाटेवरचे दगड माझा पाय उचलल्यावर आणखी एकदा वाजत होते. बाईंनी दोनदा मागे पाहिलं आणि मग माझा दंड घट्ट धरला. मी त्यांना फक्त पुढची वाट दाखवत राहिले. त्या आवाजाबद्दल बोललं की ते खरं झालं असतं.

पूल ओलांडला. थिओडुल वळला, बोटानं मोजलं आणि म्हणाला, "पाच. एक जण यायचाय."

"रूपेन, आपण चार आहोत," मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं मी गणित शिकवलंय."

"हो मास्तर, तुमचं बरोबर आहे," थिओडुल नम्रपणे म्हणाला आणि धुक्याकडे बघत उभा राहिला.

त्या 'तुमचं बरोबर आहे'नं माझं डोकं फिरलं. माझ्या थिओडुलनं त्या मास्तरला पाय धरून कठड्याबाहेर लोंबकळत ठेवला असता आणि विचारलं असतं, आता मोज. एकोणीस वर्षं मी हा गोडवा गिळला होता. बाईंचा हात सोडवून मी पुलावर परत गेले. मागून थिओडुल म्हणाला, "सांभाळून जा हं." त्यावर मी आणखी चिडले.

पुलाच्या मध्यावर दोन्ही टोकं दिसेनाशी झाली. खाली घळीत पाणी गर्जत होतं. मी साखळी धरून उभी राहिले. गोड बोलायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ऐकतोयस ना? झडप मी उघडली. चुकलं माझं. आरसा क्रेसेन्सनं धरला होता, तिला तर धड आरसाही धरता येत नाही. पण तू काय एकोणीस वर्षं रुसून बसणार? तिकडे घरात तुझं अंग गावभर आभार मानत फिरतंय, लाज वाटते मला. त्याला पत्त्यांत कुणीही हरवतं. क्रेसेन्सचा भाऊसुद्धा हरवतो. तुला काही आहे की नाही? चल घरी. सूप गार होईल, मग माझ्या नावानं खडे फोडशील."

पाणी गर्जत राहिलं. मी वाट पाहिली. आमचा पूल जुना आहे, एका टोकाला कुणी पाय ठेवला की मधल्या फळ्या दबतात. माझ्या तळव्याखालची फळी दबली. सावकाश वर आली. पुन्हा दबली. चाल मला ओळखू आली, माझा थिओडुल डावा पाय जरा जड टाकायचा. मी तोंड फिरवलं आणि मागे न पाहता गावाकडे चालू लागले. पाठीवर भट्टीसमोर बसल्यासारखी ऊब होती. आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही, आणि इतका आनंदही नाही.

पलीकडे पोचले तर थिओडुल जमिनीवर बसला होता, बाईंनी त्याला खांद्याला धरलं होतं. त्यानं वर पाहिलं. डोळे तांबारलेले, मिशी थरथरत होती.

"कुठे मेली होतीस इतका वेळ?" तो ओरडला. "या बाई इथे गारठल्या, आणि ही पुलावर हवा खातेय."

मास्तरांनी हळूच विचारलं, "रूपेन, आता किती?"

"चार! कुठल्या शाळेत होता हो तुम्ही?"

मी तिथेच पायवाटेवर बसून रडले.

घरी येताच त्यानं पहिलं काय केलं असेल तर वर पाहिलं आणि गावाला ऐकू जाईल असा गरजला, "कुठल्या गाढवानं ही उघडी टाकलीय? बाहेर बर्फ, आत बर्फ, आपण काय मासे आहोत टिकवायला ठेवलेले?" आणि स्वतः स्टुलावर चढून फळी धाडकन लावली. वीस वर्षांच्या म्हाताऱ्या बारीनं त्याचे बूट चाटले.

त्यानंतर मला अठ्ठ्याऐंशी दिवस मिळाले. सूप खारट, भाकरी करपलेली, फादरांचं प्रवचन लांबलेलं, सगळ्याला शिव्या. पत्त्यांत त्यानं क्रेसेन्सच्या भावाला तीनदा रडवलं. क्रेसेन्स तक्रार घेऊन आली, "अगं, आवर तुझ्या नवऱ्याला." मी तिला मिठी मारली. पण एकोणीस वर्षांची थंडी त्याच्या हाडांत उतरली होती. तो दोन कोटांत कुडकुडायचा. जो मधे होता त्याला कधी साधी शिंक आली नव्हती. याला नाताळात खोकला लागला आणि जानेवारीत तो पलंगाला खिळला.

शेवटच्या दिवशी क्रेसेन्स येऊन बसली होती. तिनं स्टूल पायानं हळूच उशाकडे सरकवलं. थिओडुलनं ते पाहिलं. त्याला बोलायला दम लागत होता, तरी त्यानं मला जवळ बोलावलं.

"लुडविना, या वेळी घाई करायची नाही. मी सांगेपर्यंत उघडायची नाही. ही टिटवी काहीही म्हणो."

"नाही उघडणार," मी म्हणाले.

"शपथ?"

"शपथ."

दुपारी तो गेला. या वेळी आरसा मी धरला. क्रेसेन्स स्टुलाकडे बोट दाखवत म्हणाली, "उघड आता."

"त्यानं सांगितलेलं नाही."

"अगं, मेलेला माणूस सांगणार कसा?"

"मेला आहे, हे मागच्या वेळीही तूच म्हणाली होतीस."

शवपेटी गेली, मूठमूठ माती पडली, लोक जेवून घरी गेले. झडप बंदच राहिली. याला आता चार हिवाळे झाले. फादर दोनदा येऊन गेले. पूर्वी हे अडाणीपणाचं आहे म्हणायचे, आता म्हणतात, "लुडविना, एवढा अडाणीपणा कर, उघड." क्रेसेन्स दारातच उभी राहते, आत येत नाही. म्हणते, तू त्याला कोंडून ठेवलंयस. पाहुणे सकाळी माडीवरून खाली आले की विचारतात, रात्री खाली भांडत कोण होतं. मी सगळ्यांना एकच उत्तर देते. मी शपथ घेतलीय, त्यानं सांगितलं की उघडेन, अजून सांगितलेलं नाही.

गेल्या मंगळवारी त्यानं सांगितलं. संध्याकाळचे पाच वाजले असतील, मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. पलंगाच्या बाजूनं आवाज आला, थकलेला, शिवीसकट, अगदी स्पष्ट. "लुडविना, पुरे झालं. उघड आता." दोनदा म्हणाला. मी नळ मोठा सोडला आणि भांडी घासत राहिले.